सोपानच्या जागी

सोपान, तुझ्या दहाव्याला नदीकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. कामशेतच्या भातगिरण्या दुपारपर्यंत बंद होत्या. वरच्या ठाकरवाडीतली माणसं सकाळीच डोंगर उतरून आली होती आणि कुणाशी न बोलता एका कडेला उकिडवी बसली होती. जो तो एकच बोलत होता, ‘आमचा मानूस गेला.’ तांदळाचे व्यापारी म्हणत होते आमचा, धरणातून उठलेले शेतकरी म्हणत होते आमचा. ज्याला तू निवडणुकीत पाडलंस तो गृहस्थही डोळे पुसत म्हणाला, ‘तसा तो आमचाच.’ मी लोणावळ्याहून सकाळच्या गाडीनं आलो होतो, शाळेपासूनचा तुझा मित्र, आणि मला ‘आमचा’ म्हणायला तोंड उघडवेना. म्हटलं असतं तर त्या गलक्यात आणखी एक आवाज मिसळला असता, एवढंच. मी मागे जांभळीला टेकून उभा राहिलो आणि त्या सगळ्या माणसांकडे बघत राहिलो. काय वाटत होतं सांगू? हेवा वाटत होता. मेलेल्या माणसाचा हेवा करणारा बहुधा मीच असेन या मावळात.

हे तुला जिवंतपणी कधी सांगितलं नाही. आपण सगळ्यावर भांडलो, पण यावर नाही. म्हणून आता सांगतो.

आठवीतला तो दिवस आठव. आपले मुख्याध्यापक बदलून जायचे होते, त्यांच्या निरोपासाठी मी त्यांचं चित्र काढलं होतं. पंधरवडाभर खपलो होतो. पगडीच्या वळ्या, गालावरचा मस, चष्म्याच्या काड्या, सगळं बरहुकूम. सरांनी ते हातात धरलं, ‘छान, छान’ म्हणाले आणि टेबलावर पालथं ठेवलं. मग तू उठलास. तू काळासावळा, बुटका, मावळातून अनवाणी येणारा. सर गोरे, उंच, देशस्थी. तू नुसता एक खांदा पाडलास, वर्गाच्या दारात थांबून घसा खाकरलास आणि म्हणालास, ‘मुलांनो, शांतता ही देखील एक विद्याच आहे.’ वर्ग कोसळला. सर स्वतः हसता हसता डोळ्यांचं पाणी टिपायला लागले. म्हणाले, ‘अरे, हा तर मीच!’

तुझ्यात आणि त्यांच्यात एक केस सारखा नव्हता. माझ्या चित्रात सगळं सारखं होतं. तरी ‘मीच’ ते तुला म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना तू चिक्कीचा तुकडा पुढे केलास आणि मी तो घेतला नाही. तुला वाटलं, माझी दाढ दुखतेय.

पुढे मी मुंबईला चित्रकला शिकायला गेलो, तू पुण्याला कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बसलास. शेतकऱ्याच्या पोरानं तत्त्वज्ञान घ्यावं याचं तुझ्या गावाला नवल आणि थोडी भीतीही. बुवा होऊन हिमालयात जातो की काय, असं तुझी आई विचारायची. तू परत आलास तो थेट भातखाचरात उतरलास. मी परत आलो तो लोणावळ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. रविवारी मी गाडीनं कामशेतला यायचो, तू गावातून चालत यायचास, आणि स्टेशनबाहेरच्या हॉटेलात आपण चहावर चहा पीत बसायचो. हॉटेलवाला आपल्याला ‘वकील लोक’ म्हणायचा, कारण आपण सारखे भांडायचो.

भांडण एकच होतं, नावं निराळी. एखादी गोष्ट दुसरीच्या जागी उभी राहते म्हणजे काय होतं? मी म्हणायचो, सारखेपणा पाहिजे. चित्र माणसासारखं असेल तरच ते त्या माणसाचं. तू म्हणायचास, ‘वसंता, आरशातल्या प्रतिबिंबाइतकं तुझ्यासारखं कुणी नसतं. पण ते तुझ्या वतीनं कोर्टात उभं राहील का? आणि वकील तुझ्यासारखा मुळीच दिसत नाही, तरी तो बोलला की तू बोललास असं धरतात.’

‘वकील म्हणजे काही चित्र नव्हे,’ मी म्हणालो.

‘मग पूजेतली सुपारी घे. तिला सोंड कुठंय? तरी गणपती होते ना? अंगावर घालायला वस्त्र नसलं की भटजी अक्षता टाकतात आणि म्हणतात, वस्त्राच्या जागी ह्या घ्या. देव घेतो. तांदूळ कुठं धोतरासारखा दिसतो?’

‘आणि पूजा संपली की तीच सुपारी कातरून खातात,’ मी म्हणालो. मला वाटलं, आता हा गप्प होईल.

तू इतक्या जोरात हसलास की शेजारच्या बाकावरच्या हमालानं मागं वळून बघितलं. ‘तेच तर! बसवली तोवर देव. उठवली की सुपारी. बसवणाऱ्यांच्या हातात आहे सगळं. उद्या मला कुणी निवडून दिलं, तर मी हे विसरणार नाही.’

तेव्हा निवडणुकीचं काही नव्हतं. पंचायत समित्या नव्यानं यायच्या होत्या. पण तू ते बोललास आणि मला कळलं, याला उभं राहायचंय. मला हेही कळलं की हा निवडून येणार. मी खिडकीतून मालगाडी बघत बसलो.

तू पंचायत समितीवर निवडून आलास. सत्कार झाले, हार पडले. मी ठरवलं, आपण याचं तैलचित्र करायचं. मैत्रीची भेट म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला तुला धरून बसवायचं होतं. तू सगळ्यांच्या वतीनं बोलतोस ना, मग एकदा मी तुझ्या वतीनं काहीतरी करून दाखवतो, असं होतं ते.

श्रावणात तू माझ्याकडे येत राहिलास. बाहेर लोणावळ्याचं धुकं दारातून आत यायचं, रंग वाळत नसत, कॅनव्हासला बुरशीचा वास यायचा. घाटात गाडीला मागून जोडायची इंजिनं शिट्ट्या घालायची आणि प्रत्येक शिट्टीला तुझी मान वळायची. ‘हलू नकोस,’ मी ओरडायचो. तू म्हणायचास, ‘मी हललो नाही रे, माझं लक्ष हललं.’ तरी मी तुला पकडलं. उजव्या भुवईतला विळ्याचा वण, डावा डोळा किंचित बारीक, खालचा ओठ जरा पुढे. मुंबईतल्या माझ्या गुरुजींनी पाठ थोपटली असती असं काम झालं होतं.

चित्र बघायला तू आईला घेऊन आलास. तिची नजर चांगली होती, सुईत दोरा ओवायची ती अजून. ती समोर उभी राहिली, पदर सावरला, आणि मला विचारलं, ‘ह्यो कोन?’

मी म्हणालो, ‘मावशी, सोपान नाही का?’

ती पुढे गेली, मागे आली. ‘नाक त्याचंच हाय. डोळं बी त्याचंच. पन ह्यो गप बसलाय. माजा सोपान कवा गप बसतो?’

तू तिला दटावलंस. ‘आये, त्यानं लय कष्ट केल्यात.’ आणि मला डोळ्यांनी सांगितलंस की मनावर घेऊ नकोस. तुझ्या त्या समजूतदारपणाचा मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला. चित्र तू घरी नेलंस, ओसरीवर लावलंस. येणारे जाणारे विचारायचे, हे पाव्हणे कोण?

तुझ्याकडे दोन बोल्या होत्या. माझ्याशी बोलताना पुण्याची, गावाशी बोलताना मावळची, आणि दोन्हींत तू सोंग वाटत नव्हतास. मी एकदा सगुणाबाईंशी तुमच्या बोलीत बोलायला गेलो. तुझ्या त्या चुलती, अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेल्या सुईणबाई. ‘मावशी, कुटं निगालाव?’ म्हटलं, तर त्या थांबल्या आणि काळजीनं म्हणाल्या, ‘मास्तर, घसा बसलाय व्हय?’

मग धरण आलं. म्हणजे धरणाची बातमी आली. तुमचं गाव पाण्याखाली जाणार हे आधी बाजारात कळलं, मग कागदावर आलं. भैरोबाच्या देवळापुढे सगळा गाव बसला. मे महिना होता, मला सुट्टी होती, मीही होतो. सगुणाबाई आणि म्हातारे भिकूआबा, हे दोघं गावातर्फे बोलत होते. भिकूआबांनी तुला सांगितलं, ‘वडगावला जायचं आन एकच बोलायचं. गाव सोडनार न्हाई. त्याच्या म्होरं शबुद काडायचा न्हाई.’

‘बरं,’ तू म्हणालास.

मी तुझ्याबरोबर वडगावला आलो. तू आत तालुक्याच्या कचेरीत, मी बाहेर चिंचेखाली. आत किती वेळ चाललं होतं कोण जाणे, माझी विड्याची पानं संपली. तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा मी कधी काढला नव्हता असा होता.

‘वसंता, मी हो म्हणून आलो.’

मला आधी समजलंच नाही. तू चालता चालता सांगितलंस. पाणी येणार, ते थांबत नाही. नुसतं नाही म्हटलं असतं तर घराघराला वेगळीकडे जमिनी दाखवल्या असत्या, कुणी या तालुक्यात, कुणी त्या. तू साहेबांना म्हणालास, गाव उठेल, पण सगळं एकत्र उठेल, आणि याच खोऱ्यात वरच्या माळावर बसेल. ते त्यांनी कबूल केलं. बदल्यात तुझा होकार घेतला.

‘पण गावानं तुला हे सांगितलं नव्हतं,’ मी म्हणालो. ‘तू त्यांचा प्रतिनिधी. त्यांनी जे सांगितलं तेच बोलायचं. नाहीतर तुला कशाला पाठवायचं? टपालानं पत्रच धाडलं असतं.’

‘पत्र ऐकून येत नाही रे. मी आत जे ऐकलं ते त्यांनी ऐकलं नाहीये. माझ्या जागी बसून त्यांनी ते ऐकलं असतं, तर त्यांनीही हेच केलं असतं.’

‘ते नसतानाच तू हे म्हणू शकतोस.’

लोकलच्या फलाटावर आपण शेजारी उभे राहिलो आणि मला आत कुठेतरी वाटत होतं, आता बघू. आता बघू, किती दिवस ‘आमचा’ म्हणतात.

फार दिवस लागले नाहीत. तिसऱ्या चौथ्या दिवशी निरोप आला की गाव तुझा पुतळा जाळणार. मी पहिल्या गाडीनं आलो आणि तुला म्हणालो, जाऊ नकोस, माझ्याकडे चल. तू सदऱ्याची बटणं लावत होतास. ‘माझाच कार्यक्रम आहे. बोलावलं नाही म्हणून काय जाऊ नये?’

देवळापुढे पुतळा उभा होता. भाताचा पेंढा गोणपाटात भरलेला, दोन आडव्याउभ्या काठ्या, आणि डोक्याच्या जागी फुटकं मडकं. तोंड नाही, डोळे नाहीत, काही नाही. मी तिथं उभा राहून बघितलं, आणि, सोपान, तो तूच होतास. सरांची नक्कल करता करता तुझाच होऊन बसलेला तो पाडलेला खांदा होता. पुढं झुकून ऐकायची ती लकब तुझी होती. पेंढा भरताना तो कलला होता एवढंच. पण गावातलं शेंबडं पोरही त्याला बघून तुझं नाव घेत होतं. माझ्या तैलचित्राला जे जमलं नाही ते एका फुटक्या मडक्याला जमलं होतं.

तू गर्दीतून पुढं गेलास. भिकूआबांनी पुतळ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि पंचाईत झाल्यासारखे म्हणाले, ‘टोपी ऱ्हायली की रं याची.’

तू डोक्यावरची टोपी काढलीस आणि मडक्यावर ठेवलीस. जरा तिरकी, तू घालायचास तशी.

कुणीतरी फिसकन हसलं. मग थांबलं. सगुणाबाईंच्या हातात पलिता होता आणि त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी पेंढ्याला आग लावली. मे महिन्यातला वाळका पेंढा, भसकन पेटला. तू तिथंच उभा. तेव्हा सगुणाबाई तुझ्यावर ओरडल्या, ‘लांब सर की मुडद्या, ठिणगी लागंल! सदरा नवा हाय न्हवं?’

तुला जाळत होत्या आणि तुला भाजू नये म्हणून ओरडत होत्या. मी कलाशाळेत शिकलो ते सगळं त्या एका वाक्यापुढे मला कच्चं वाटलं.

आग विझल्यावर तू एवढंच बोललास, ‘तुमी मला तुमच्या जागी धाडलं. तितं बसून मला जे दिसलं, ते मी केलं. चुकलो असंल तर म्होरल्या वक्ताला दुसरा धाडा.’

‘धाडूच,’ भिकूआबा म्हणाले.

आणि पुढच्या वेळी पुन्हा तुलाच धाडलं! मला राहवलं नाही, मी सगुणाबाईंना गाठून विचारलं, ‘मावशी, याला तर तुम्ही जाळला होतात.’

‘व्हय. वाईट व्हता त्यो जाळला की. ह्यो ऱ्हायला त्यो चांगला.’

मी तुला हे सांगितलं तेव्हा तू दोन दिवस तेच वाक्य घोळवत होतास. ‘बघ, तत्त्वज्ञानाच्या एवढ्या पुस्तकांत हे नाही,’ म्हणालास. मला तेवढ्यात हेही टोचलं की ते वाक्य मला मिळालं होतं आणि आनंद तुला झाला होता.

पाणी चढायच्या आधीच्या हिवाळ्यात तू मला म्हणालास, ‘गावाचं चित्र काढ. ते जायच्या आत.’ मी म्हणालो, माझी चित्रं तुमच्या लोकांना ओळखू येत नाहीत. तू म्हणालास, ‘माणसाचं नको काढू. घरं काढ, वाटा काढ. ती हलत नाहीत.’ टोमणा होता की खरंच सांगत होतास, कळलं नाही. पण मी काढलं. टेकडीवर बसून, रोज शाळा सुटल्यावर येऊन, रविवारी दिवसभर. कुणाचा गोठा, कुणाच्या दारातला शेवगा, पाणवठ्याची वाट, भैरोबामागचा आंबा, पारावरचा तिसरा हललेला दगड. काही सुचवायचं नाही, काही सोडायचं नाही. जसं आहे तसं.

वरच्या माळावर गाव बसला, शाळेची खोली झाली, तेव्हा तिथं ते चित्र टांगलं. लोक आले. आधी लांबून बघितलं, मग जवळ आले. एका म्हातारीनं बोट लावलं, ‘ह्ये माजं दार.’ मग दुसरी, ‘तुजं कसलं, त्ये आमचं, तुजं त्याच्या पल्याड.’ बघता बघता भांडण जुंपलं. कुणाच्या उकिरड्याची हद्द कुठवर होती यावरून दोन भाऊ हमरीतुमरीवर आले, पाण्याखाली गेलेल्या उकिरड्यावरून! भिकूआबा चित्रातल्या पारापुढे गेले आणि तिथून हलेनात. त्यांचा हात नकळत बसायला जागा शोधत होता.

तो दिवस माझा होता. मी तुझ्याकडे बघितलं. मला बघायचंच होतं. जन्मात एकदा तुझ्या चेहऱ्यावर ते दिसावं, जे माझ्या चेहऱ्यावर आठवीपासून होतं.

तू चित्रासमोर बराच वेळ उभा राहिलास. मग माझ्याजवळ आलास, खांद्यावर हात ठेवलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, ‘वसंता, मी इतकी वर्षं गावाच्या वतीनं बोलतोय. पण गाव असं समोर आणून ठेवता नाही आलं मला. आज तुझा फार हेवा वाटला रे.’

झालं. किती सहज म्हणालास! हसून, सगळ्यांसमोर, पान खायला दिल्यासारखं. मी जे वर्षानुवर्षं दाढेखाली दाबून ठेवलं होतं, ते तू एका वाक्यात काढून माझ्या हातात दिलंस, आणि ते तुझ्या तोंडी कौतुक झालं. हेवासुद्धा तू माझ्यापेक्षा चांगला केलास, सोपान. मी तेव्हा ‘चल, काहीतरीच’ म्हणालो आणि चहा आहे का विचारलं. तेव्हा म्हणायला हवं होतं की मलाही तुझा वाटतो, पहिल्यापासून वाटतो, आणि तू नसतास तर मी कुणाच्या बरोबरीनं चालायचं म्हणून एवढं काम केलं असतं? ते राहिलं.

शेवटची दोन वर्षं तू नव्या गावाशी पाण्यावरून भांडलास. झरा वर ठाकरवाडीजवळचा. त्याचं पाणी नळानं खाली आणायचं ठरलं, तेव्हा तू म्हणालास पहिला नळ ठाकरवाडीत, मग खाली. गाव म्हणाला, ठाकर तुला मतं देऊन देऊन किती देणार, तू आमचा आहेस का त्यांचा? तू म्हणालास, ‘मी खोऱ्याचा हाय.’ मी त्या वेळीही तुझ्याशी वाद घातला. ज्यांनी बसवलं त्यांच्या विरुद्ध बोलायचा तुला काय अधिकार, तूच म्हणाला होतास ना, सगळं बसवणाऱ्यांच्या हातात? तू म्हणालास, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण लांबलचक आहे, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी तू ताप घेऊन पडलास, मग तुझ्या छातीत कळ आली, आणि ते उत्तर मला मिळालं नाही.

आता परवाचं सांगतो.

सगुणाबाई आणि भिकूआबा लोणावळ्याला आले. सगुणाबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरी. मी खुर्च्या पुढे केल्या, त्या सतरंजीवर बसल्या. बायकोनं चहा टाकला. भिकूआबांनी इकडचं तिकडचं केलं आणि मग म्हणाले, ‘मास्तर, सोपानची जागा मोकळी झालीया. पोटनिवडणूक हाय. तुमी उभं ऱ्हावा.’

सोपान, मी तुझ्यापासून काही लपवत नाही आता. तुझं तेरावं होऊन थोडेच दिवस झाले होते आणि माझ्या छातीत उकळी फुटली. शेवटी! शेवटी मला विचारलं. नोकरी सोडावी लागेल, बायको काय म्हणेल, हे सगळं नंतर सुचलं.

‘मीच का?’ मी विचारलं. ऐकायचं होतं मला.

‘तुमी सोपानचं दोस्त,’ भिकूआबा म्हणाले. हे मला आवडलं नाही. पण मग सगुणाबाई बोलल्या, ‘आन तुमी जसं हाय तसं काडता. एक दगुड हिकडचा तिकडं करीत न्हाई. आमाला तसाच मानूस पायजे. आमी सांगू त्येच बोलायचं. सोपानवानी आपल्या मनाचं न्हाई.’

म्हणजे मी जे जन्मभर तुला सांगत आलो, तेच. प्रतिनिधी आरशासारखा हवा. मी वाद जिंकलो होतो, आणि तो तुझ्याच गावानं मला जिंकून दिला होता. मी म्हणालो, ‘सांगा, काय बोलायचं?’

‘नळाचं,’ त्या म्हणाल्या. ‘टाकी आमच्या गावात बांदायची. ठाकरं खाली येऊन भरून न्हेतील. आमी गाव सोडला, जमिनी सोडल्या. पानी तरी आमचं पयलं.’

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचं सगळं गेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तुझ्या दहाव्याला नदीकाठी कडेला बसलेली ठाकरवाडीची ती माणसं आली. त्यांचं चित्र कुणी काढलं नव्हतं, मीसुद्धा. गावाचं चित्र काढताना त्यांची वाडी माझ्या पाठीमागे होती, म्हणून त्यात आली नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘मावशी, हे मी बोलणार नाही.’

ते वाक्य माझं होतं की तुझं, मला अजून कळलेलं नाही. मी पाहिलं तर माझा एक खांदा पडला होता.

मी समजवायला लागलो. पाणी वरून येतं, वाटेतल्याला आधी, टाकी वर बांधली तरी खाली जोर राहील. तूही हेच मुद्दे मांडले असतेस, बहुधा याच क्रमानं. सगुणाबाईंनी मला मध्येच तोडलं. आवाज चढवला नाही.

‘मास्तर, सोपान असं बोलायचा. त्याचं आमी ऐकून घ्यायचो, शिव्या द्यायचो, पन ऐकायचो. त्यो आमचा व्हता. तुमी कोन?’

त्या उठल्या. भिकूआबांनी अवघडून हात जोडले. मी दारापर्यंत गेलो, पुढच्या गाडीची वेळ सांगितली. त्या पायऱ्या उतरताना म्हणाल्या, ‘राग धरू नका,’ आणि गेल्या. आता ते कुणाला तरी शोधतील. मिळेलही.

मी आत आलो. सोपान, त्यांच्या मनाविरुद्ध तू गाव सोडायला हो म्हणालास, त्यांनी तुला जाळलं आणि पुन्हा निवडून दिलं. पाण्यावरून तू त्यांच्याशी दोन वर्षं भांडलास, आणि दहाव्याला ते सगळे नदीकाठी होते. मी एकदा, एकच गोष्ट, नाही म्हणालो, तर सतरंजीवर दोन्ही कप अर्धे तसेच राहिले होते. मी ते उचलायला वाकलो आणि मला तुझा इतका राग आला, इतका हेवा वाटला, की तिथंच खाली बसलो आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. बायको धावत आली, काय झालं म्हणाली. मी म्हणालो, ‘त्यांनी चहा तसाच टाकला गं.’